न शिकवितां शिकलेले धडे

श्रोतेहो, चिंचेचें नुसतें नांव काढलें तरी आपल्यापैकीं पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटतें. या क्षणीं चिंच आपल्या जिभेवर नाहीं, ताटांत नाहीं, कदाचित् घरांतही नसेल. कानांवर पडला आहे तो केवळ एक शब्द. शब्दाला आंबटपणा नसतो. मग लाळेच्या ग्रंथींना जागें केलें कोणीं? ज्या माणसानें चिंच जन्मांत कधीं पाहिली वा चाखली नाहीं, त्याच्यापुढें हा शब्द शंभर वेळां उच्चारला तरी त्याचें तोंड कोरडेंच राहील. म्हणजे चिंच जिभेवर ठेवली असतां लाळ सुटणें ही निसर्गाची देणगी आहे. परंतु चिंच पाहून अगर तिचें नांव ऐकून लाळ सुटणें ही शिकलेली गोष्ट आहे. आणि मौज अशी कीं, ती आपणांस कोणीं शिकविली नाहीं, आपण ती शिकावी असें ठरविलें नाहीं, आणि केव्हां शिकलों याची आठवणही आपणांस नाहीं.

अशा न शिकवितां शिकल्या जाणाऱ्या धड्यांविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. मानसशास्त्रावरील मराठी पुस्तकांत या प्रकाराला 'अभिजात अभिसंधान' असें भारदस्त नांव आहे. नांव अवघड असलें तरी विषय मात्र आपल्या स्वयंपाकघरांतला, पाळण्याजवळचा आणि शाळेच्या वर्गांतला आहे.

या धड्यांची पहिली पद्धतशीर मोजणी ज्यांनीं केली, ते इव्हान पेत्रोविच पावलोव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हते. १८४९ सालीं रशियांतील रियाझान या गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वडिलांच्याच मार्गानें जावें म्हणून त्यांचें शिक्षण सुरू झालें. परंतु शास्त्राच्या ओढीनें तें सोडून ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत गेले आणि शरीराच्या क्रियांचे अभ्यासक झाले. अन्नपचनासंबंधींच्या संशोधनाबद्दल त्यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या संशोधनासाठीं ते कुत्र्यांच्या लाळेचें मोजमाप करीत. लहानशी शस्त्रक्रिया करून लाळेच्या ग्रंथीची नळी गालाबाहेर आणीत, म्हणजे लाळ तोंडांत न उतरतां बाहेर लावलेल्या कांचेच्या पात्रांत पडे व थेंबाथेंबानें मोजतां येई. परंतु मोजणींत एक अडचण येऊं लागली. प्रयोगशाळेंत जुने झालेले कुत्रे अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच लाळ गाळूं लागत. अन्नाचें भांडें दिसलें कीं लाळ. भांडें आणणाऱ्या नोकराच्या पावलांचा आवाज आला कीं लाळ. पचनाचा हिशेब ठेवणाऱ्याला ही नसती कटकटच होती. दुसऱ्या एखाद्यानें ती टाळण्याची युक्ति काढली असती आणि आपलें मूळ काम पुढें चालविलें असतें. पावलोव्ह यांनीं उलट केलें. जी गोष्ट आड येत होती, तिलाच त्यांनीं अभ्यासाचा विषय केला आणि १९३६ सालीं मृत्यु येईपर्यंत पुढचीं तीसांहून अधिक वर्षें तिच्यापायीं वेंचलीं.

प्रयोगाची मूळ रीति अगदीं सोपी आहे. मेट्रोनोम म्हणून गायनवादनांत ताल राखण्यासाठीं एक टिकटिक करणारें यंत्र असतें. तें कुत्र्यापुढें प्रथम वाजविलें तर तो कान टवकारतो, एवढेंच. लाळ सुटत नाहीं. मग टिकटिक सुरू करून कांहीं सेकंदांनीं त्याला मांसाची पूड खावयास द्यावयाची. असें वारंवार केलें म्हणजे एक वेळ अशी येते कीं, नुसती टिकटिक ऐकूनच लाळेचे थेंब पडूं लागतात. तोंडांत अन्न पडल्यावर लाळ सुटणें ही निरपेक्ष प्रतिक्रिया. तिला पूर्वींच्या शिक्षणाची अट नाहीं. टिकटिक ऐकून लाळ सुटणें ही सापेक्ष प्रतिक्रिया. कारण टिकटिकीमागोमाग अन्न आलेलें असलें पाहिजे, या अटीवर ती अवलंबून आहे. या संबंधांत पावलोव्ह यांच्या घंटेचें नांव सर्वतोमुखी झालें आहे. वस्तुतः त्यांच्या प्रयोगशाळेंत घंटेपेक्षां मेट्रोनोम, विजेचा दिवा, गुंजारव करणारें यंत्र, त्वचेला केलेला स्पर्श अशाच खुणांचा उपयोग अधिक होत असे.

आतां या शिक्षणाचे नियम पाहूं. पहिला नियम क्रमाचा. खूण आधीं यावी व वस्तु मागाहून. आणि दोहोंमधील अंतर थोडें असावें. आधीं अन्न व मग टिकटिक असा उलटा क्रम ठेवला तर धडा बहुधा बसतच नाहीं. दुसरा नियम विस्ताराचा. एका खुणेनें जें शिकविलें तें तिच्यासारख्या दुसऱ्या खुणांनाही लागू होतें. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, असें आपले पूर्वज सांगत आले. दूध व ताक यांत साम्य एवढेंच कीं, दोन्हीं पांढरीं व पातळ. परंतु पोळलेल्या जिभेला तेवढें साम्य पुरेसें होतें.

तिसरा नियम विवेकाचा. दोन सारख्या खुणांपैकीं एकीमागून अन्न येतें व दुसरीमागून कधींच येत नाहीं असें दिसलें, म्हणजे प्राणी त्या दोहोंत फरक करावयास शिकतो. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतील एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. एका कुत्र्याला वर्तुळ दाखविलें कीं अन्न मिळे. लंबवर्तुळ दाखविलें कीं मिळत नसे. दोहोंतील भेद त्यानें लौकरच ओळखला. मग तें लंबवर्तुळ हळूहळू अधिक गोल करीत नेलें. अखेर त्याच्या लांबीरुंदीचें प्रमाण नवास आठ इतकें झालें, तेव्हां वर्तुळ कोणतें व लंबवर्तुळ कोणतें हें त्या कुत्र्याला कळेनासें झालें. तीन आठवडे हा सराव चालला. पण प्रगति होण्याऐवजीं उलटेंच झालें. एरवीं शांत उभा राहणारा तो प्राणी केकाटूं लागला, अंगावरील साधनें दातांनीं तोडूं लागला. आणि विशेष हें कीं, पूर्वीं सहज येत असलेला सोपा भेदही तो विसरून बसला. आवांक्याबाहेरचा प्रश्न पुढें ठेवून त्याचें उत्तर मागत राहिलें, तर नवें ज्ञान येत नाहींच, परंतु असलेलेंही निसटतें. मुलांना शिकविणाऱ्यानें हा प्रयोग मनांत बाळगावा.

चौथा नियम विलोपाचा. टिकटिक वाजवीत राहिलें व अन्न देणें बंद केलें, तर लाळ कमी कमी होत शेवटीं थांबते. वाटतें कीं, धडा पुसला गेला. परंतु कुत्र्याला कांहीं काळ विश्रांति देऊन पुन्हां टिकटिक ऐकविली तर लाळ पुन्हां सुटते; पहिल्याइतकी नसली तरी सुटते खास. म्हणजे जुना धडा पाटीवरून पुसला जात नसून त्याच्यावर 'आतां अन्न येत नाहीं' असा दुसरा धडा लिहिला जातो. वरचें अक्षर फिकट झालें कीं खालचें डोकावतें.

भीतीच्या बाबतींत हाच नियम किती खोल जातो, हें १९२४ च्या सप्टेंबरांत दिसून आलें. त्या वर्षीं लेनिनग्राड शहरांत, म्हणजे पूर्वींच्या व आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्यें, मोठा पूर आला. प्रयोगशाळेचे कुत्रे कोंडलेल्या जागीं पाण्यांत सांपडले आणि मोठ्या मुष्किलीनें वांचविले गेले. त्यानंतर त्यांतील कांहीं कुत्र्यांचे पूर्वीं पक्के असलेले धडे नाहींसे झाले. एका कुत्र्याला चुचकारून, परिचित माणूस जवळ बसवून, पुष्कळ दिवसांनीं पूर्वस्थितीवर आणलें. तो बरा झालासें वाटल्यावर प्रयोगाच्या खोलींत दाराखालून पाण्याची लहानशी धार सोडून पाहिली. तेवढ्यानेंच तो कासावीस झाला आणि त्याचे धडे पुन्हां नाहींसे झाले. पूर केव्हांच ओसरला होता; कुत्र्याच्या मेंदूंतला ओसरला नव्हता. या प्रयोगांपायीं मुक्या जनावरांनीं जें सोसलें त्याचें ऋण निदान कांहीं अंशीं मान्य झालें, हें सांगितलें पाहिजे. १९३५ सालीं त्या संस्थेच्या आवारांत कुत्र्याचें स्मारक उभारण्यांत आलें.

पुष्कळ वर्षें अशी समजूत होती कीं, दोन गोष्टी वारंवार जोडीनें आल्या म्हणजे त्या मनांत आपोआप चिकटतात. पुढील संशोधनानें ही समजूत सुधारली. १९६८ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट रेस्कोर्ला यांनीं उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं उंदरांना ध्वनि चालू असतांना विजेचा धक्का बसे; दुसऱ्या कांहींना तितकेच धक्के ध्वनि चालू असतांना बसत, परंतु ध्वनि नसतांनाही त्याच प्रमाणांत बसत. ध्वनि व धक्का यांची सोबत दोन्हींकडे सारखीच. तरी पहिले उंदीर ध्वनीला भ्याले. दुसरे भ्याले नाहींत. कारण त्यांच्या दृष्टीनें ध्वनि कांहींच वार्ता देत नव्हता. धुरावरून अग्नीचें अनुमान करतांना आपले नैयायिक अन्वयाबरोबर व्यतिरेकही पाहत; धूर असतो तेथें अग्नि असतो, एवढ्यावर त्यांचें समाधान होत नसे, अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, हेंही ते पडताळून घेत. उंदीर न्यायशास्त्र पढलेला नसतो. परंतु त्याचा मेंदु असाच कांहींसा हिशेब ठेवतो.

लिऑन केमिन यांनीं १९६९ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखविली. ध्वनीमागून धक्का येतो हें शिकलेल्या उंदराला पुढें ध्वनि व प्रकाश एकत्र देऊन धक्का दिला, तर तो प्रकाशाला जवळजवळ भीतच नाहीं. धक्क्याची वार्ता ध्वनीनें आधींच दिलेली असते. प्रकाश नवीन कांहीं सांगत नाहीं. शिक्षण होतें तें अपेक्षा चुकते तेव्हां. मेंदूंतही याचा पुरावा सांपडला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूंत अशा पेशी आढळल्या कीं, अकस्मात् गोड रस मिळाला तर त्या उद्दीपित होतात. खुणेमागून रस येतो हें कळल्यावर त्या खुणेलाच उद्दीपित होतात, रस मिळाल्यावर होत नाहींत. आणि खूण होऊनही रस आला नाहीं, तर त्या वेळीं नेहमींपेक्षांही मंद पडतात.

शिवाय कोणत्याही खुणेची कोणत्याही परिणामाशीं सारख्याच सहजतेनें गांठ पडते असेंही नाहीं. १९६६ सालीं गार्सिया व कोलिंग यांनीं उंदरांना गोड पाणी पाजतांना त्याच वेळीं प्रकाश व आवाजही केला. ज्यांना मागाहून आजारी पाडलें त्यांनीं गोड चव टाळली. ज्यांना धक्का दिला त्यांनीं प्रकाश व आवाज असलेलें पाणी टाळलें. पोटाच्या दुखण्याचा आळ चवीवर येतो, अंगावरील इजेचा दिसण्या-ऐकण्यावर. आणि चवीच्या बाबतींत मध्यें कांहीं तास गेले तरीही गांठ पडते. एखाद्या पदार्थानंतर ओकारी झाली तर वर्षानुवर्षें तो पदार्थ नकोसा वाटतो, तो याच नियमानें. अर्बुदरोगावरील औषधानें मळमळ होते. तें घेण्यापूर्वीं अपरिचित स्वादाचें आइस्क्रीम खाल्लेलीं मुलें पुढें तें आइस्क्रीम टाळूं लागतात, असें १९७८ सालीं आयलीन बर्नस्टाइन यांनीं दाखविलें. म्हणून अशा उपचाराच्या तोंडावर मुलाला त्याचा आवडता पदार्थ न देणें शहाणपणाचें.

आतां भीतीकडे वळतों. १९२० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन वॉटसन व रोझली रेनर यांनीं एका अकरा महिन्यांच्या मुलावर प्रयोग केला. शास्त्रीय लेखांत त्याला अल्बर्ट असें म्हटलें आहे. तें मूल पांढऱ्या उंदराला भीत नसे. उंदराला हात लावतांच त्याच्या पाठीमागें पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करण्यांत आला. दोन बैठकींत मिळून सात वेळां असें केल्यावर मूल नुसता उंदीर पाहून रडूं लागलें. पुढें ससा, कुत्रा व केसाळ कोट यांनाही तें भ्यालें. आणि ही भीति घालविण्याचा उपाय न होतांच तें मूल तेथून गेलें. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाहीं, आणि तो बसूं नये हेंच योग्य.

सुदैवानें याची दुसरी बाजूही लौकरच पुढें आली. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या, तीन वर्षांच्या आंतल्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला फार भीत असे. तो आवडीचें खात बसला असतां ससा पिंजऱ्यांत घालून लांब ठेवण्यांत येई. रोज तो थोडथोडा जवळ आणीत. मूल रडूं लागेल इतकें जवळ आणावयाचें नाहीं, हेंच त्यांतलें पथ्य. न भिणारीं दुसरीं मुलेंही सशाबरोबर खेळतांना त्याला दिसत. मध्यंतरीं तो आजारी पडला, एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धांवून आला, आणि मिळालेलें पुष्कळसें हातचें गेलें. तरी जोन्सबाईंनीं धीर सोडला नाहीं. शेवटीं तो सशाला कुरवाळूं लागला. पुढें १९५८ सालीं जोसेफ वोल्पे यांनीं मोठ्या माणसांच्या भीतीवर जी पायरीपायरीनें जाणारी उपचारपद्धति मांडली, तिचें बीज या लहानशा खोलींत आहे.

मी आयुष्य फळ्यापुढें घालविलेला मनुष्य. म्हणून या सर्वांतून मला दिसतें तें शाळेच्या व घराच्या भाषेंत सांगतों. मुलाचें गणित चुकलें म्हणून मोठें माणूस ओरडतें. त्याचा हेतु असा कीं, मुलानें चूक सोडावी. परंतु त्याच वेळीं दुसरा एक धडा न बोलतां चाललेला असतो. वही, पेन्सिल, आंकडे, गुरुजींची पावलें, या सर्व खुणा होतात. आणि त्यांच्यामागून येतो तो अपमान. मूल चूक सोडावयास शिकेल किंवा न शिकेल. गणिताला भ्यावयास मात्र निश्चित शिकेल. मग दुधावरून ताकावर, या न्यायानें भीति वहीवरून वर्गावर व वर्गावरून शाळेवर पसरते. धडधडणाऱ्या छातीनें वजाबाकी नीट होत नाहीं. ती पुन्हां चुकते, पुन्हां बोलणीं बसतात, आणि शेवटीं भ्यालेल्या मुलावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. कित्येक मुलांच्या मठ्ठपणाचें मूळ बुद्धींत नसून अशा सोबतींत असतें, असें मला खात्रीनें वाटतें.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली, हें फार चांगलें झालें. परंतु छडीवांचूनही हा धडा देतां येतो. ज्या घरांत 'अभ्यासाला बस' या दोन शब्दांमागोमाग रोज आरडाओरड व शेजारच्या मुलाशीं तुलना येते, त्या घरांत ते दोन शब्द मेट्रोनोमचेंच काम करतात. 'थांब, डॉक्टर सुई टोंचतील' असें म्हणून मुलाला गप्प करणारी आई दवाखान्याची भीति आपल्याच हातानें पेरते.

यावर उपाय काय? पहिला असा कीं, कशाच्या मागोमाग काय येतें, याकडे लक्ष ठेवावें. मुलास रागें भरावयाचेंच असेल तर तें पुस्तक उघडें असतांना नको. दुसरा असा कीं, बसलेली भीति एका झटक्यांत काढावयास जाऊं नये. पाण्याला भिणाऱ्या मुलास विहिरींत ढकलणें म्हणजे हातोड्याचा आणखी एक घाव. सोप्या उदाहरणापासून, आवडत्या माणसाच्या सोबतीनें, पीटरच्या सशाप्रमाणें रोज वीतभर पुढें यावें. तिसरा असा कीं, गेलेली भीति परीक्षेच्या सुमारास अगर आजारपणानंतर पुन्हां डोकावली, तर 'सगळें फुकट गेलें' असें समजूं नये. जुन्या धड्याचा तो स्वभावच आहे. वरचा धडा पुन्हां गिरवावा, म्हणजे तो ठळक होतो. आणि भीति इतकी बळावली असेल कीं झोंप व अन्न तुटावें, तर विनासंकोच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मनुष्याचें सर्व शिक्षण या एका नियमांत बसतें, असा मात्र कोणीं ग्रह करून घेऊं नये. कृतीच्या बऱ्यावाईट फळांवरून आपण शिकतों, दुसऱ्याचें पाहून शिकतों, आणि कारण समजून घेऊन शिकतों. परंतु समज येण्याच्या कितीतरी आधीं, पाळण्यांत असल्यापासून, हा सोबतीचा गुरु आपलें काम करीत असतो. तो वेतन मागत नाहीं, सुटी घेत नाहीं, आणि काय शिकवावें हें आपणांस विचारीतही नाहीं. त्याच्या हातीं आपण कोणत्या जोड्या देतों, एवढेंच आपल्या हातीं आहे. आज रात्रीं आपल्या घरांत एखादें मूल वही उघडून बसेल, तेव्हां त्या वहीची जोडी कशाशीं पडते आहे, तेवढें पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.